कोरम

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवर चढवलेल्या मजल्यात
आमच्या पतसंस्थेची सर्व्हर रूम.
खालून जर्द्याचा वास येतो, गोड, घशात बसणारा.
तो ओढून घेऊन
तीन यंत्रं रात्रंदिवस चालतात,
एकालाही कधी शिंक आलेली नाही.

तीन यंत्रं, खतावणी एक.
बघायला गेलं तर एकच डिस्क दिसते,
हात लावायला गेलं तर ती कुठंच नसते,
तिन्हीकडं असते.
एक मेलं तरी उरलेली दोघं शपथेवर सांगतात
कुणाचं किती देणं.

मार्चअखेरीला डिस्क ब्याण्णव टक्के भरली.
चेअरमन म्हणाले, "एक मशीन वाढवा की, पद्मजा."
एक चालत नाही, तीन लागतील.
प्रत्येक नोंद तिघांच्या घरी ठेवायची असते.
"मग लावून मोकळ्या व्हा."
लावून होत नाही, साहेब. विरजणासारखं आहे,
जुन्यातलं थोडं नव्यात घालायचं
आणि रात्रभर भांडं हलवायचं नाही.
ते कळलं त्यांना. घरी म्हशी आहेत.

एक इथल्याच रॅकमध्ये बसवलं.
संकेश्वरचं पायगोंडानं जीपमधून नेलं, गोधडीत गुंडाळून.
खानापूरचं मी बसनं, मांडीला रग लागेपर्यंत.
कंडक्टरनं कन्नडात विचारलं, याचं तिकीट?
मी कन्नडात म्हटलं, लगेज.
तो मराठीत हसला.

मग खाती सरकू लागली.
चिकोडीचे शेअर दाखले, हुक्केरीची सोनेतारण,
मेलेल्यांच्या ठेवी, वारस न आलेल्या,
सगळं आपापल्या नव्या जागी,
चार टक्के, नऊ टक्के, साडेनऊ.
मी चहा प्यायले. साडेनऊच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला
रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं
देसूरच्या पुढं केबल तोडली.
खानापूर एकटं पडलं.
एकट्या यंत्रानं अशा वेळी पेन खाली ठेवायचं असतं,
तिघांत दोघं हजर असल्याशिवाय लिहायचं नसतं.
पण कोरमची अट मीच बंद ठेवली होती,
चार दिवसांपूर्वी, घाईत.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दोन तास दोन्हीकडं लिहिलं गेलं.
केबल जोडली तेव्हा बाकी सगळं मिटलं,
एक खातं मिटेना. चार हजार चारशे सतरा.
निपाणी म्हणे, सुंदराबाई.
खानापूर म्हणे, सुंदरव्वा.
वेळ दोन्हीची ताजी, दोन्ही प्रती खऱ्या,
आणि यंत्र मला विचारत होतं,
यातली कुठली पुसू?

मी पुसायला बोट नेलं.
कुठल्या नावावर, ते सांगत नाही.
इथं वाढलेल्या माणसाचं बोट
आपोआप एका बाजूला जातं.

मग शाखेत फोन लावला. म्हातारी तिथंच बाकावर होती,
पासबुक छापून मिळेना म्हणून.
"माहेरात सुंदराबाई, सासरात सुंदरव्वा.
पैसे तेवढेच हायत न्हवं?"
तेवढेच आहेत, आज्जी.
"मग तू कशाला जागूलैस?"

खातं उघडलं. नावाखाली 'उर्फ' असा एक रकाना आहे,
पहिल्या दिवसापासून आहे, मीच केलेला,
बारा हजार खात्यांत रिकामा.
तिचा भरला.
मग कोरमची अट परत चालू केली.

जिन्यात वार्षिक सभेची नोटीस डकवली आहे:
कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास
अर्ध्या तासानं त्याच जागी ती पुन्हा भरेल,
तेव्हा कोरमची गरज राहणार नाही.
यंत्रांना हा अर्धा तास कुणी दिलेला नाही.
दुसरं कुणी येईपर्यंत ती थांबतात.

एकाहत्तर टक्के.
खाली वखारीत कुणीतरी पोती उलटी करतंय.
आज पहिल्यांदाच मला शिंक आली.